शेतजमिनीचा निचरा आणि पाण्याची प्रत : सुरत परिसरातील सहयोगी संशोधनाचा धडा

मुंबईहून पश्चिम रेल्वेने सुरतेस जाताना नवसारी मागे पडली की मरोली, सचिन, भेस्तान, उधना अशी स्थानके ओळीने लागतात. यांपैकी सचिन हे पूर्वीच्या एका लहान संस्थानाचे गाव. आज ते सुरतेजवळील एक मोठी औद्योगिक वसाहत म्हणून अधिक परिचित आहे. पोटापाण्यासाठी खानदेशातून सुरतेकडे गेलेल्या मराठी कुटुंबांना उधना, पांडेसरा, सचिन ही नावे आपल्या तालुक्याच्या गावाइतकीच जवळची आहेत. या परिसराशी महाराष्ट्राचे आणखीही एक नाते आहे. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावलेली तापी नदी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांचा प्रदेश ओलांडून गुजरातेत शिरते. तेथे उकाई धरण व काकरापार बंधारा यांच्या साहाय्याने तिचे पाणी अडवून सुरत व आसपासच्या जिल्ह्यांतील तीन लाख हेक्टरांवर लाभक्षेत्राला पुरविले जाते.

या पाण्याने त्या प्रदेशाचे रूप पालटले, हे निर्विवाद आहे. परंतु पाणी आल्यानंतर काही वर्षांनी जमिनी पाणथळ होऊ लागल्या, काही ठिकाणी क्षार वर आले आणि चांगल्या काळ्या जमिनीतील ऊस पिवळा पडू लागला. हा प्रश्न एका शेतकऱ्याला, एका खात्याला किंवा एका विद्यापीठाला एकट्याने सुटण्यासारखा नव्हता. म्हणून त्यावर अनेक संस्थांनी मिळून संशोधन केले. त्या संशोधनातून काय निष्पन्न झाले आणि महाराष्ट्रातील कालवा क्षेत्रांनी त्यापासून कोणता बोध घ्यावा, याचा परिचय करून देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

पाणी आले, निचरा मागे राहिला

काकरापार येथील बंधारा १९५४ साली पुरा झाला, तेव्हा सुरत जिल्हा मुंबई राज्यातच होता. पुढे १९७२ साली उकाई धरण पूर्ण झाले आणि कालव्यांना बारमाही पाण्याचा भरवसा मिळाला. तत्पूर्वी येथे कापूस, ज्वारी, तूर अशी पावसावरची पिके मुख्य होती. पाणी मिळताच शेतकरी साहजिकच ऊस आणि भात यांकडे वळला. बारडोली, चलथाण, सायण येथील सहकारी साखर कारखान्यांनी उसाला हमखास गिऱ्हाईक मिळवून दिले. योजना आखताना उसाखालील क्षेत्राचा जो अंदाज बांधला होता, त्यापेक्षा प्रत्यक्षातील क्षेत्र बरेच वाढले. सगळ्यांचे लक्ष पाण्याच्या पाळीकडे लागले आणि शेतात आलेले जादा पाणी बाहेर कसे जाईल, हा विचार मागे राहिला.

येथील जमीन खोल, काळी आणि चिकण आहे. ती पाणी धरून ठेवते, हा कोरडवाहू शेतीत तिचा गुण ठरतो. बागायतीत मात्र तोच गुण दोष होऊन बसतो. त्यातच सुरत परिसरात वर्षाला सरासरी सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सचिनपासून पश्चिमेस समुद्रकिनारा फार दूर नाही. भूभाग सखल व सपाट असल्याने ओढ्यानाल्यांना उतार कमी आहे आणि भरतीच्या वेळी खाड्यांतील पाणी उलट चढते. वरून पाऊस, बाजूने कालव्याचा पाझर आणि खाली निघून जाण्यास अपुरी वाट, अशा कोंडीत जमिनीखालील पाण्याची पातळी वर्षानुवर्षे चढत गेली.

चांगली जमीन का बिघडते?

पिकाच्या मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. मातीच्या कणांमधील सर्व पोकळी पाण्याने भरली म्हणजे मुळांना श्वास घेता येत नाही. ती वरच्या थरातच पसरतात, अन्नद्रव्ये उचलू शकत नाहीत आणि पीक पिवळे पडते. केंद्र शासनाच्या कार्यगटाने १९९१ साली ठरविलेल्या व्याख्येनुसार भूजलाची पातळी जमिनीच्या पृष्ठभागापासून २ मीटरच्या आत असेल, तर ती जमीन पाणथळ समजावी. २ ते ३ मीटरच्या दरम्यान असेल, तर ती पाणथळ होण्याच्या मार्गावर आहे असे समजावे.

दुसरे संकट क्षारांचे. कालव्याचे पाणी गोड असले, तरी त्यात थोडे क्षार असतातच. समजा, एका लिटर पाण्यात ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत. हे पाणी पिण्यासही उत्तम ठरेल. परंतु एका हेक्टरावर वर्षभरात एकूण १ मीटर खोलीइतके पाणी दिले, तर ते १०,००० घनमीटर भरते आणि त्याबरोबर ३ टन क्षार त्या हेक्टरात येऊन पडतात. उसाला तर याहून अधिक पाणी दिले जाते. पीक पाणी घेते, ऊन पाण्याची वाफ करते. क्षार मात्र जमिनीतच राहतात. निचरा असेल तर पावसाळ्यात ते धुपून खाली आणि बाहेर जातात. निचरा नसेल तर ते साठत जातात. भूजल वर आलेले असेल, तर दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आणि आपल्याबरोबर खालचे क्षारही पृष्ठभागावर आणून सोडते. उन्हाळ्यात शेतात दिसणारा पांढरा पापुद्रा याच क्रियेचा परिणाम होय.

बिघडलेल्या जमिनी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. विद्राव्य क्षार जास्त असलेली ती क्षारयुक्त किंवा खारवट जमीन. तिची विद्युत वाहकता मीटरला ४ डेसीसायमनपेक्षा अधिक आणि सामू ८.५ पेक्षा कमी असतो. सोडियमचे प्रमाण वाढून मातीचा पोत मोडला, माती ओली असता चिकट व वाळली असता दगडासारखी कठीण होऊ लागली, की ती चोपण जमीन. तिचा सामू ८.५ च्या वर जातो. खारवट जमीन निचरा व चांगले पाणी यांनी धुऊन सुधारता येते. चोपण जमिनीस त्याशिवाय जिप्सम आणि हिरवळीच्या खताची जोड द्यावी लागते. रोगाचे निदान न करता केवळ जिप्समची पोती ओतणारा शेतकरी पैसा तर घालवितोच, पण त्याहून मोलाची दोनतीन वर्षे गमावतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. ४ डेसीसायमनची मर्यादा ही जमिनीच्या वर्गीकरणाची मर्यादा आहे. पिकाची सोसण्याची मर्यादा निरनिराळी असते. शास्त्रज्ञांच्या सर्वमान्य कोष्टकानुसार मातीची वाहकता कापूस सुमारे ७.७ पर्यंत, गहू ६ पर्यंत आणि भात ३ पर्यंत विनातक्रार सोसतो. ऊस मात्र १.७ लाच कुरकुरू लागतो आणि पुढच्या प्रत्येक एककाला त्याचे उत्पन्न जवळजवळ ६ टक्क्यांनी घटते. म्हणजे ज्या शेतास आपण कागदोपत्री अद्याप खारवट म्हणत नाही, त्या शेतातील उसाचे उत्पन्न १३-१४ टक्क्यांनी आधीच घटलेले असू शकते. शेतकरी त्याचा दोष बेण्याला किंवा खताला देत राहतो. कापसाची जमीन उसाखाली गेल्यावर हा प्रश्न तीव्र का झाला, त्याचे एक कारण येथे सापडते.

महाराष्ट्राचा जुना अनुभव

हे दुखणे आपणास नवे नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि पुढील दोनतीन दशकांतच दख्खनच्या कालव्यांखालील काळ्या जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या. शेतीच्या गरजेनुसार पाटपाण्याच्या पद्धतीत कोणता बदल करावा, याचा शोध घेण्यासाठी तत्कालीन मुंबई सरकारने १९१६ साली पुण्यात एक छोटा विशेष विभाग स्थापन केला. क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने त्या विभागात पाझर आणि निचरा यांविषयी मूलभूत काम केले. खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचा उगम याच विभागात आहे. आज ज्या संस्थेत मोठमोठ्या धरणांच्या व बंदरांच्या प्रतिकृतींवर प्रयोग होतात, तिचा जन्म शेतात तुंबलेल्या पाण्याच्या प्रश्नातून झाला, हे अनेकांना ठाऊक नसते. पुढे १९३२ साली पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र निघाले. सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रज येथील कृषि संशोधन केंद्राने काळ्या जमिनींच्या निचऱ्याचा अभ्यास केला.

तथापि या प्रयत्नांत बहुधा एक उणीव राहून जाई. अभियंता चर खणी, कृषितज्ज्ञ मातीचे पृथक्करण करी आणि शेतकरी आपल्या बांधाच्या आत राही. तिघांचे काम एकाच शेतात एकत्र येण्याचे प्रसंग विरळा. सुरत परिसरातील संशोधनाचे महत्त्व या दृष्टीने पाहिले पाहिजे.

भारत-नेदरलँड्स सहयोगी प्रकल्प

हरियाणातील कर्नाल येथे १९६९ साली केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था स्थापन झाली. या संस्थेने नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथील जमीन सुधारणाविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेशी सहकार्य केले. नेदरलँड्सचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली असल्याने पाणी काढून टाकण्याचे शास्त्र त्या देशात शतकानुशतके जोपासले गेले आहे. १९९५ ते २००२ या काळात या दोन संस्थांनी आंध्र प्रदेश, कर्नाटक, गुजरात आणि राजस्थान या चार राज्यांतील कृषि विद्यापीठांना बरोबर घेऊन कालव्यांच्या लाभक्षेत्रांतील निचरा व क्षारनियंत्रण यांचा एक संयुक्त प्रकल्प राबविला. गुजरातचे काम नवसारी येथील केंद्राकडे होते. ते त्या वेळी गुजरात कृषि विद्यापीठाच्या अखत्यारीत होते. २००४ साली नवसारी कृषि विद्यापीठ स्वतंत्र झाले. नवसारी ते सचिन हे अंतर रेल्वेने दोन स्थानकांचे. त्यामुळे ज्या प्रकारच्या मातीवर आणि ज्या पावसात सचिन परिसरातील शेतकरी शेती करतो, त्याच परिस्थितीचा अभ्यास येथे झाला.

या प्रकल्पाची कार्यपद्धती सांगण्यासारखी आहे. प्रयोग विद्यापीठाच्या कुंपणात न करता शेतकऱ्यांच्या जमिनीवर करण्यात आले. गुजरातेत उकाई-काकरापार लाभक्षेत्रातील सेगवा व सिसोद्रा, आंध्रात कोनंकी व उप्पुगुंडुरू, राजस्थानात लखुवाली, कर्नाटकात तेथील इस्लामपूर अशी गावे त्यासाठी निवडली होती. प्रत्येक ठिकाणी आधी भूजलाची पातळी, मातीतील क्षार आणि पिकांचे उत्पन्न यांची नोंद घेण्यात आली. नंतर निरनिराळ्या अंतरांवर व खोलींवर निचरा प्रणाली बसविली आणि निचरा असलेल्या शेताची नसलेल्या शेताशी तुलना केली. उपग्रहचित्रांवरून पाणथळ जमिनी ओळखण्याची पद्धती आणि संगणकावरील गणिती प्रतिमाने हेही या कामाचे भाग होते.

या निरनिराळ्या प्रदेशांतील निष्कर्ष संबंधित शास्त्रज्ञांनी २००८ साली एकत्रित प्रसिद्ध केले. निचरा केलेल्या जमिनीत उत्पन्नात सरासरीने उसात ५४ टक्के, कापसात ६४ टक्के, भातात ६९ टक्के आणि गव्हात १३६ टक्के वाढ दिसून आली. निचरा नसलेल्या शेतांच्या तुलनेत भूजलाची पातळी २५ टक्क्यांनी खाली गेली होती आणि मातीतील क्षार निम्म्याने कमी झाले होते. गुंतवलेला पैसा ३ ते ९ वर्षांत परत मिळतो, असाही हिशेब मांडण्यात आला. बिघडलेल्या जमिनीवर कर्ज काढून पुन्हा पुन्हा खते टाकणाऱ्या शेतकऱ्यास हे आकडे विचार करावयास लावणारे आहेत.

भूमिगत निचरा म्हणजे काय?

उघडे चर ही निचऱ्याची जुनी आणि सोपी पद्धत होय. पावसाचे पाणी वाहून नेण्यास ते उपयुक्त आहेत, परंतु त्यांत जमीन अडकते, तण माजते आणि दरवर्षी गाळ काढावा लागतो. भूमिगत निचऱ्यात जमिनीखाली एक ते दीड मीटर खोलीवर छिद्रे असलेले, नालीदार प्लॅस्टिकचे नळ समांतर ओळींत पुरतात. त्यांचा व्यास सर्वसाधारणपणे ८० मिलिमीटर असतो. बारीक माती आत शिरून नळ बुजू नयेत, म्हणून त्यांवर कृत्रिम धाग्याच्या कापडाचे गाळण-वेष्टन असते. दोन ओळींतील अंतर मातीच्या पोतानुसार साधारण २० ते ६० मीटर ठेवतात. माती जितकी भारी, तितके अंतर कमी. नळांना शंभर मीटरला दहा ते वीस सेंटिमीटर इतका मंद पण अखंड उतार द्यावा लागतो. या ओळी एका मोठ्या नळास मिळतात आणि तो नळ नाल्यात किंवा, उतार पुरेसा नसेल तेथे, एका विहिरीत सोडतात. तेथून पंपाने पाणी उपसावे लागते.

ही प्रणाली जमिनीतील सगळे पाणी काढून घेते, असा गैरसमज काही शेतकऱ्यांत आढळतो. वास्तविक मातीच्या कणांनी धरून ठेवलेले, पिकास उपयोगी पडणारे पाणी नळात येत नाही. जे अधिक झाले आहे आणि मुळांना गुदमरवते आहे, तेवढेच पाणी नळांवाटे निघते. सुरतसारख्या भरपूर पावसाच्या प्रदेशात याचा एक विशेष लाभ आहे. एरवी शेतात साचून नुकसान करणारा पाऊस निचऱ्यामुळे क्षार धुऊन नेणारा विनामोल मजूर बनतो.

निचऱ्याचे पाणी जाते कोठे?

येथवर एका शेताचा विचार झाला. परंतु शेताच्या नळातून निघालेले पाणी नाहीसे होत नाही. ते खालच्या नाल्यात, नाल्यातून नदीत आणि नदीतून खाडीत जाते. त्यात जमिनीतून धुतलेले क्षार असतात, पिकाने न उचललेला नत्र नायट्रेटच्या रूपाने असतो आणि कधी कीटकनाशकांचा अंशही असतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. त्याहून अधिक नायट्रेट तान्ह्या मुलांना विशेष अपायकारक असते. नाल्याकाठच्या उथळ विहिरींवर अवलंबून असलेल्या वस्त्यांना ही बाब दुर्लक्षिता येणार नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने या बाबतीत मोठी किंमत मोजली. सान वाकीन खोऱ्यातील शेतांचे निचऱ्याचे पाणी केस्टरसन नावाच्या जलाशयात सोडले जात होते. त्या पाण्याबरोबर मातीतील सेलेनियम हे द्रव्य तेथे साठले आणि १९८३ साली पाणपक्ष्यांची पिल्ले विकृत निपजत असल्याचे आढळून आले. अखेरीस तेथे पाणी सोडणे बंद करावे लागले. निचरा करताना त्याच्या शेवटच्या टोकाचा विचार केला नाही, तर शेतातले दुखणे दुसऱ्याच्या दारात जाते, हे या घटनेने जगास दाखवून दिले. त्यानंतर पाणी बाहेर काढण्याबरोबर पाण्याची प्रत राखणे हा निचरा संशोधनाचा तितकाच महत्त्वाचा भाग बनला. अमेरिकेच्या मक्याच्या प्रदेशात अनेक राज्यांतील विद्यापीठांनी एकत्र येऊन नियंत्रित निचऱ्याचे प्रयोग केले आहेत. यात नळाच्या मुखाशी पातळी कमीजास्त करण्याची सोय असते. जरूर असेल तेव्हाच पाणी सोडावयाचे, एरवी जमिनीत धरून ठेवावयाचे. त्यामुळे वाहून जाणारा नत्र घटतो आणि कोरड्या दिवसांत पिकास ओल मिळते. आपल्याकडील भातखाचरांना ही कल्पना सहज लागू पडेल.

निचऱ्याचे पाणी पुन्हा वापरताही येते. मात्र त्याआधी ते तपासले पाहिजे. ओलितासाठी पाण्याची वाहकता मीटरला ०.७५ डेसीसायमनपर्यंत असेल तर ते सामान्यतः चांगले समजतात, २.२५ च्या वर गेले तर नित्याच्या वापरास अयोग्य ठरते. मधल्या प्रतीचे पाणी कालव्याच्या पाण्यात मिसळून किंवा पाळी आलटून देता येते, परंतु भारी काळ्या जमिनीत ते जपूनच वापरावे.

सचिन परिसरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथील ओढेनाले मिंढोळा नदीच्या खाडीकडे जातात. ज्या नाल्यांवर शेतांच्या निचऱ्याची भिस्त आहे, ते औद्योगिक वस्तीजवळून वाहतात. वसाहतीत सांडपाण्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्र आहे. तरीही ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधील रसायन नाल्यात बेकायदा सोडण्यात आले. त्यातून विषारी वायू उत्पन्न होऊन सहा कामगार प्राणास मुकले आणि वीसहून अधिक कामगारांना रुग्णालयात दाखल करावे लागले. नाला म्हणजे कोणाच्याही मालकीची नसलेली, काहीही टाकण्याची जागा अशी समजूत किती घातक ठरू शकते, याचे हे शोकजनक उदाहरण होय. ज्या नाल्याची पाण्याची प्रत कोणी मोजत नाही, त्याचे रक्षणही कोणी करीत नाही.

एकट्याचे काम नव्हे

पाणी आणण्याचे काम एकटा शेतकरी करू शकतो. विहीर खणतो, पंप बसवितो. निचऱ्याचे तसे नाही. वरच्या शेताचे पाणी खालच्या शेतातूनच जाणार. मधल्या एका शेतकऱ्याने नळाला वाट नाकारली किंवा नाला बुजवून दोन सरी वाढविल्या, तर वरच्या दहाजणांचा खर्च पाण्यात जातो. २००८ सालच्या त्याच निष्कर्षांत शास्त्रज्ञांनी दोन गोष्टी स्पष्टपणे नमूद केल्या आहेत. निचऱ्याचा लाभ शेतकऱ्यांना पटतो, परंतु सगळा खर्च पेलण्याची बहुतेकांची ऐपत नसते. दुसरे असे की, निचरा हे सामुदायिक काम असूनही पाणी वापरणाऱ्यांच्या संस्था पुरेशा बळकट नाहीत. सहयोगी संशोधनाचे हे सर्वांत प्रांजळ फलित म्हटले पाहिजे. नळ कोणत्या अंतरावर पुरावेत, हे शास्त्र सांगू शकते. नाल्यातील गाळ कोणी काढावा आणि पंपाच्या विजेचे बिल कोणी भरावे, हे गावाला ठरवावे लागते.

महाराष्ट्रात शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा २००५ साली झाला, गुजरातेत तशाच स्वरूपाचा कायदा २००७ साली झाला. या कायद्यांन्वये स्थापन झालेल्या पाणीवापर संस्थांच्या बैठकीत पाण्याची पाळी आणि पाणीपट्टी यांची चर्चा होते. निचऱ्याचा विषय क्वचितच निघतो. तो निघू लागला पाहिजे. सहकाराच्या मार्गाने हे घडू शकते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ येथील श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने आपल्या क्षेत्रातील क्षारपड जमिनी भूमिगत निचऱ्याने सुधारण्याचे काम शेतकऱ्यांचे गट करून हाती घेतले. साखर कारखाना, बँक, तांत्रिक सल्लागार आणि लागून असलेल्या जमिनींचे मालक एकत्र आल्यावर वर्षानुवर्षे पडीक राहिलेल्या जमिनीत पुन्हा ऊस उभा राहू शकला.

गावाने आणि शाळेने करावयाचे काम

मोठ्या योजनेची वाट न पाहता काही गोष्टी प्रत्येक गावास करता येतील.

पहिली गोष्ट मोजमापाची. शेताच्या सखल भागात दोन मीटर लांबीचा, खालच्या अंगास छिद्रे पाडलेला प्लॅस्टिकचा नळ उभा पुरावा, तोंडाशी झाकण बसवावे आणि दर पंधरवड्यास फुटपट्टी बांधलेली काठी किंवा दोरी सोडून पाणी किती खोल आहे ते वहीत टिपावे. माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांनी हा उपक्रम विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास दोनतीन वर्षांत गावाजवळ स्वतःची अशी नोंद तयार होईल. पातळी वर चढत असल्याचे वहीतून वेळीच कळले, तर जमीन बिघडण्यापूर्वी उपाय करता येतो.

दुसरी गोष्ट मातीपरीक्षणाची. नेहमीप्रमाणे केवळ वरच्या थराची माती न घेता ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटर अशा तीन थरांचे वेगवेगळे नमुने घ्यावेत आणि वाहकता, सामू व विनिमयक्षम सोडियम यांची तपासणी करून घ्यावी. क्षार खालून वर येत आहेत किंवा कसे, हे त्यावरून समजते. विहिरीचे व नाल्याचे पाणीही वर्षातून दोन वेळा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, तपासून घ्यावे.

तिसरी गोष्ट पाण्याच्या मापाची. जेवढे पाणी कमी वाया जाईल, तेवढा निचऱ्याचा भार हलका होईल. ठिबक सिंचन, सरी-आड-सरी पाणी, कालव्याबरोबर विहिरीच्या पाण्याचा वापर आणि पाझरणाऱ्या पाटचाऱ्यांची दुरुस्ती हे सर्व निचऱ्याचेच उपाय होत. नत्रखत एकदम न देता पिकाच्या वाढीनुसार विभागून दिल्यास पैसाही वाचतो आणि नाल्यातील नायट्रेटही घटते.

चौथी गोष्ट नाल्याची. गावनकाशावरील प्रत्येक नाला प्रत्यक्षात जागेवर आहे का, त्याची रुंदी कायम आहे का, त्यात कोणाचे सांडपाणी येते, याची ग्रामपंचायत व पाणीवापर संस्था यांनी उन्हाळ्यात संयुक्त पाहणी करावी. पाण्याचा रंग, वास किंवा मासे मरणे यांत काही विपरीत आढळल्यास तेथे कोणी उतरू नये आणि प्रदूषण नियंत्रण मंडळास तत्काळ कळवावे.

अधिकाऱ्यांसाठीही यात एक सूचना आहे. जलसंपदा, कृषि, भूजल सर्वेक्षण आणि प्रदूषण नियंत्रण या चारही यंत्रणांच्या नोंदी एकाच गावाविषयी असूनही वेगवेगळ्या कपाटांत राहतात. त्या वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे एकत्र मांडल्या, तर सहयोगी संशोधनाचा निम्मा हेतू साध्य होईल.

तापीचे पाणी खानदेशातून निघून सचिनच्या शेतांपर्यंत जाते आणि तेथून खाडीस मिळते. वाटेत ते किती शेतांतून, किती गावांतून आणि किती हातांतून जाते, याचा विचार केला म्हणजे निचरा हा केवळ नळ आणि चर यांचा विषय राहत नाही. नीरेच्या खोऱ्यात शंभर वर्षांपूर्वी जो प्रश्न उभा राहिला, तोच सुरतेच्या उसात आणि कृष्णाकाठच्या मळ्यांत पुन्हा उभा राहिला. त्याचे उत्तर शास्त्रज्ञांनी, अभियंत्यांनी आणि शेतकऱ्यांनी एकाच बांधावर बसून शोधले तेव्हा ते सापडले. आता ते उत्तर बांधाबांधावर नेण्याचे काम शिल्लक आहे. पाण्याची पाळी मागताना आपण हक्काने पुढे येतो. पाण्याला वाट करून देतानाही तितक्याच आपुलकीने पुढे आलो, तर आज बिघडत चाललेली जमीन पुढच्या पिढीच्या हाती चांगल्या स्थितीत सोपविता येईल.